मैनेची धार

मी वाचले, ह्याचा राग आमच्या घरात अजून गेला न्हाई. मेले असते तर फोटोला हार घातला असता, दर पितृपक्षात घास ठेवला असता, आन् सासूनं आल्यागेल्याला सांगितलं असतं, बना लई कामाची व्हती हो. जित्या सुनेचं एवढं कोण बोलतंय?

पालीच्या वर, राजगडाच्या अंगाला आमची वाडी. घरात नवरा दत्ता, सासू धोंडाबाई, मी आन् पोरगी आरती. सासू शनवार-आयतवारी गडाच्या वाटंवर बसून ट्रेकिंगच्या पोरांना ताक विकती. दत्ता गाडीवरनं दूध खाली डेअरीला घालतो. धारा काढायचं काम माझं. म्हशी दोन, पण खरं दूध मैनेचं. आन् मैना एकहाती, म्हंजी एकाच माणसाच्या हाताला पान्हा सोडणारी. रेडकू असल्यापासनं माझ्याजवळ वाढली. दुसरं कोण खाली बसलं तर दूध चढवून घ्यायची, वर लात घालायची.

दुसऱ्या लाटंत मला करोना झाला. श्वास पुरंना म्हणून पुण्याला नेलं. घशात नळी घातली, पालथी टाकली, उजवा हात डोक्याशी वळवून. कितीक दिवस तशी पडून व्हते मला ठावं न्हाई, माझं मन ठिकाणावर नव्हतंच. इकडं मैनेनं दूध चोरलं म्हणून दत्तानं माझं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन धार काढली. सगळी वाडी हसली. मैनेला लुगड्याचा वास पटला आन् तिनं दिलं दूध. परत आले तवा सासूनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, दत्तानं मला धरून ओसरीवर बसवलं. तेवढं एक आठवडाभर मी ह्या घरात राणी व्हते, खोटं का बोलू.

मग उजव्या हाताचं दुखणं सुरू झालं. मानेपासनं बोटांपातुर नुसती आग. पदर खांद्यावर पडला तरी वाटायचं, ओल्या जखमेवर कुणी तिखट चोळलं. मूठ वळायला गेले की डोळ्यांपुढं अंधारी. आन् वरनं बघाल तर काय न्हाई. ना सूज, ना लाल. हाडाची काडं झालेली बाई चार महिन्यांत भरून आली, गाल वर आले. हेच माझं वैरी झालं. मरायला टेकल्यासारखी दिसले असते तर कुणी एक शब्द बोललं नसतं.

भोरच्या डॉक्टरनं हाताचा एक्स-रे फोटो काढला. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी दत्ताला समोर बसवून समजावून सांगितलं. आजारानं आन् पालथं पडून शिरा दुखावल्यात. फोटोत हाड दिसतं, शीर दिसत न्हाई. अतिदक्षतेतनं उठलेल्या लई माणसांना असं होतं, वर्षानुवर्षं राहतं, बाई खोटं बोलत न्हाई. दत्तानं मान हलवली. घरी येऊन आईला एवढंच सांगितलं की फोटोत काय न्हाई.

झालं. सासूच्या हातात कोलीतच दिलं त्यानं. दुखणारं ढोर डागलं की चालाय लागतं, हा तिचा जन्माचा अनुभव. तिनं बिब्बा तापवला. दत्तानं माझे पाय धरले आन् तिनं खांद्यापासनं कोपरापातुर बिब्बा ओढला. कातडी उतली, पाण्याचे फोड आले. त्या कातडीला वाराबी सोसवत नव्हता तिथं हे. मी किंचाळले तर म्हणाली, बघ, आता कशी जाग आली हाताला.

एक आरती तेवढी माझी व्हती. तिनं कधी इचारलं न्हाई की आई, खरंच दुखतं का. रात्री माझ्या डाव्या अंगाला निजायची, झोपंत लागू नये म्हणून. शाळेतनं आली की फडकं ओलं करून अलगद हातावर टाकायची. आज्जी माझ्यावर तोंड सोडायला लागली की ही मधी उभी. आईला दुखतंय, तुमी गप बसा. एवढीशी चिमुरडी, आन् आज्जीला गप बसवायची. तिच्यासाठी मी त्या घरात दात चावून राहिले, न्हायतर किकवीला भावाकडं कवाच गेले असते.

मैना पुन्हा व्याली तवा सासूनं आपली भाची आणली. दिपाली. नवऱ्यानं टाकलेली, अंगानं उभार, कामाला वाघीण. माझं लुगडं नेसून, माझ्यासारखं जिभेनं चुचकारून ती मैनेखाली बसायची. मैना फसायची. दत्ता दाराच्या चौकटीला टेकून बघत उभा राहायचा. आधी लुगडं गेलं, मग चूल गेली, मग माझी वाकळ ओसरीवर आली. मी काय आंधळी व्हते? समदं बघत व्हते. ज्या हातानं भाकरी थापता येईना त्या हातानं भांडू कशी?

यंदा शिमगा झाला आन् दत्ताचे चुलते म्हादूतात्या घरी आले. वाडीत त्यांचा शब्द चालतो. सासूनं चहा केला, मला बाहेर बसवलं. ठरवून आलेलेच व्हते. दत्ता दिपालीशी पाट लावणार, दुसरा संसार मांडणार. मला किकवीला भावाकडं पोचवायचं. आरती बापाची, ती हितंच राहणार. तात्या शेळीचा सौदा सांगावा तसं सांगत व्हते. दत्ता खाली बघून काडीनं भुई उकरत व्हता.

पोरीचं नाव निघालं. वाकळ घ्या, चूल घ्या, नवरा तर घ्याच, त्याचं काय लोणचं घालू? पण आरती? मला राहवलं न्हाई. मी उभी राहून म्हणाले, "ही माझ्या लुगड्यावर राज्य करती. आपल्या कापडात बसवा तिला मैनेखाली, आन् बघा धार देती का."

तात्यांनी मिशीवर हात फिरवला. म्हणाले, "मग तूबी बस. जनावर खोटं बोलत न्हाई. उद्या मैना जिला दूध देईल ती ह्या घरात राहील, आन् पोर तिची."

माझंच तोंड मला नडलं. पण आता माघार कुठं? सासू गालात हसली. तिला वाटलं, ह्या हातानं ही काय पिळणार.

सकाळी समदी वाडी गोठ्यापुढं. आरती पुढं, शाळेच्या कपड्यांत. दिपाली आपल्या साडीत बसली. मैनेनं एकदा मागं वळून हुंगलं आन् अशी लात घातली की चरवी दावणीपातुर गेली. पुन्हा बसली, पुन्हा तेच. एक थेंब न्हाई.

मग मी बसले. तिच्या पोटाला कपाळ टेकलं, नुसतं "मैने" म्हणाले. तीन वर्सांनी माझा आवाज तिच्या पोटाशी आला व्हता. तिनं अंग सैल सोडलं, सड फुगले, पान्हा आला. मला रडूच फुटलं. ह्या जगात एक तरी जीव हाय जो मला विसरला न्हाई.

पण पान्हा आला म्हंजी दूध चरवीत पडत न्हाई, पिळावं लागतं. डाव्या हातानं जमेल म्हणलं, पण एकटा डावा हात लगेच भरून आला आन् तिकडं पान्हा चढायला लागला. चढला की संपलं, आरती गेली. म्या उजवी मूठ वळली. काय सांगू? जिती असताना जाळतात कुणाला तर असंच होत असंल. मैनेच्या अंगाचे केस तोंडात धरले आन् पिळत राहिले. घाम डोळ्यांत गेला, लुगडं भिजलं, पण आवाज काढला न्हाई. आवाज काढला असता तर सासूला आनंद झाला असता. फेस वर आला, चरवी काठोकाठ भरली. मी उठले आन् ती तात्यांच्या पुढं ठेवली. हात लटकत व्हता, तो मी पदराखाली घेतला. मनात म्हणाले, जिंकले. पोरगी माझी.

तात्या चरवीत बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "हात तर चांगलाच हाय की हिचा."

तेवढ्यावर समदं फिरलं. सासूनं कपाळाला हात लावला. म्हणाली, तीन वर्सं हिची धुणीभांडी मी म्हातारीनं केली आन् ही बसून थेरं करत व्हती. बाया एकमेकींकडं बघून हसल्या. दत्ता पचकन थुंकला आन् म्हणाला, पुण्याच्या डॉक्टरणीलाबी हिनं येडं बनवलं. मी सांगायला गेले की जाळ झालाय हाताचा, बघा, बोटं वळंनात. एकानंबी खाली वाकून बघितलं न्हाई. ओरडले असते तर दूध गेलं असतं, गप राहिले तर ही गत.

आरती तशीच उभी. मी तिच्याकडं गेले. ती एक पाऊल मागं सरली. अशी कधी सरली नव्हती.

"आई, तुला येत व्हतं?"

"आरती, बाळा, लई दुखलं गं. तुझ्यासाठी केलं म्या."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग भरलेल्या चरवीकडं. दप्तर उचललं आन् पोरांच्या मागनं शाळेला गेली.

दुपारी दिपालीला खाली जाणाऱ्या टेम्पोत बसवून माघारी लावलं. तात्यांनी शब्द पाळला, पोरगी माझ्याच घरात राहिली. मी ओसरीवर पडून व्हते. हात सुजून टम्म झाला व्हता, बोटं उघडत नव्हती. फडकं ओलं करायला मी कुणाला हाक मारली न्हाई. दिवस कलला तशी आरती गोठ्यातनं आली. रिकामी चरवी तिनं माझ्यापुढं ठेवली.

"आई, ऊठ," ती म्हणाली. "आज्जी म्हणती, आता तिला काय झालंय?"