कोऱ्या साडीवरचा डाग

पाचवी साडी परत आली तेव्हा पार्सल उघडायच्या आधीच पंकजनं डोळे मिटून घेतले. आत काय निघणार हे त्याला ठाऊक होतं. ते तिथं येतं कुठून, हे मात्र काही केल्या कळत नव्हतं. उमरेडच्या हातमागावरची कोरी सुती साडी, आणि पदराच्या आतल्या कोपऱ्यावर बोटाच्या पेराएवढा पिवळा डाग. पाचही साड्यांवर तिथंच आणि तेवढाच. ग्राहकांचे शेरेसुद्धा आपसात ठरवल्यासारखे: वापरलेली साडी पाठवली, जेवणाचा डाग आहे, लाज कशी वाटत नाही.

आणखी एक तक्रार आली की विक्रीचं खातं बंद, असं ज्या ऑनलाइन कंपनीमार्फत तो साड्या विकायचा तिनं कळवलं होतं. नागपूरच्या नंदनवन भागातलं त्याचं ‘मैना साडी सेंटर’ दीड वर्षात बसलं, तेव्हा निदान बोट दाखवायला समोरचं मोठं दुकान तरी होतं. आता समोर कोणीच नव्हतं. एक मोबाईल, एक पलंग, पलंगावर साड्या, एवढाच पसारा, आणि तोही बुडायला निघाला होता. बुडाला तर मावसभावानं विमानतळाजवळच्या मिहानमध्ये एका गोदामात बघून ठेवलेली नोकरी मुकाट्यानं धरायची, असा शब्द त्यानं आईला दिला होता. शब्द देताना तो हसला होता.

एकदा तोंड पोळलेला माणूस, म्हणून ताकही फुंकून पीत होता. उमरेडहून आलेली प्रत्येक साडी तो खिडकीशी नेऊन दोन्ही अंगांनी तपासायचा. एकही डाग नसायचा. मग रश्शाचा हात आपलाच लागत असेल असा त्याला संशय आला आणि त्यानं तर्री-पोहे सोडले. आठ दिवस त्यानं कोरडे पोहे गिळले. नागपूरच्या माणसाला याहून मोठी सजा नाही. तरी ही पाचवी साडी परत आलीच. मग त्यानं विणकराला, रुपरावकाकांना, फोन लावला.

“काका, घडी घालताना हात धुतेत ना गा तुमच्या घरी?”

“चाळीस वर्षं झाले विणून राहिलो. मले हात धुवाले शिकवतं का तू?” आणि फोन बंद.

चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्यासारखं झालं. वैतागून त्यानं एका डागावर साबण घासला, तर पिवळा डाग डोळ्यांदेखत लालभडक झाला. पंकज दोन पावलं मागं सरकला. घरात आई असताना तिला एका शब्दानं विचारावं, हे मात्र त्या शहाण्याला सुचलं नाही. काखेत कळसा म्हणतात तो असा.

त्याची आई मैनाबाई अर्धं आयुष्य मागावर बसलेली. माग विकला, पण हात राहिले. साडीची घडी तिच्यासारखी कोणाला जमत नसे, म्हणून पाठवायच्या साड्यांच्या घड्या तीच घालायची.

सावनेरच्या एका बाईंची ऑर्डर आली. आता संशय घ्यायला घरच तेवढं उरलं होतं. पंकजनं साडी तपासली, पलंगावर ठेवली, आंघोळीला जातो म्हणाला, नळ सोडला आणि पडद्याआड उभा राहिला. आपल्याच घरात आपण चोर कशाला धरतोय, हे त्यालाही नीट समजत नव्हतं.

मैनाबाई आल्या. साडी उलगडली, देवाच्या फळीकडं पाहिलं, हळदीच्या डबीत बोट बुडवलं आणि पदराचा कोपरा हातात घेतला.

“माय! काय करून राहिली वं?”

बोट तसंच हवेत राहिलं. “कोरं वस्त्र तसंच देऊ नाई बाप्पा. हळदीचं बोट लावतो. कुंकू नाई लावत मी.”

“अवं, त्याच्याच पायी पाचही साड्या वापस आल्या! खातं बंद होऊन राहिलं माह्यं!”

मैनाबाईंनी त्या पिवळ्या बोटाकडं पाहिलं. मग ते त्यांनी स्वतःच्या लुगड्याला पुसलं.

“तुह्या दुकानाच्या वक्ती मी नाई लावली. चौकटीले तुह्या कामिनीकाकूनं लावली. मले लोकायनं मागं उभं केलं, मी राहिली. दुकान गेलं. मनात म्हटलं, आता आपण लावू, कोनाले दिसत नाई.” त्यांचा आवाज खाली गेला. “पन हातच तसा हाय माहा. सवाशिणीच्या हातचा शकुन असते, माह्या हातचा डाग होते.”

पंकजच्या डोक्यात सगळा गुंता झाला. बाबा, मारोतराव, दुकान उघडायच्या चारच महिने आधी गेले होते. चौकटीशी ताट घेतलेली कामिनीकाकू त्याला आठवत होती, फोटोसाठी चाललेली स्वतःची धावपळ आठवत होती. आई कुठं उभी होती ते आठवेना. पाटीवर नाव तिचं, आणि ती कुठं आहे हे त्यानं पाहिलंच नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. हळद कोणीही लावली तरी ग्राहकांना डागच दिसणार, हे तिला सांगता आलं असतं. खरंही होतं. पण तेव्हा तिच्याकडं न पाहिलेल्यानं आज ते कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि साडीला लाव म्हणावं, तर उद्या गोदाम.

त्यानं साडी बाजूला ठेवली आणि मोबाईल तिच्यापुढं धरला.

“हे काय गा?”

“दुकान होय आपलं. याले चौकट नाई. लाव. कुंकूही लाव.”

“मी?”

“मंग कोन? तुह्या नावाचं दुकान हाय.”

मैनाबाईंनी दाराकडं पाहिलं. थांबवायला कोणी आलं नाही. त्यांनी बोट हळदीत बुडवलं, दुसरं कुंकवात, आणि मोबाईलच्या पाठीवर दोन्ही दाबून टेकवली. मग हात धुऊन आल्या आणि साडीची घडी घातली, कोरीच.

पाठवण्याआधी साडीचा फोटो काढायला पंकजनं मोबाईल उचलला, तर स्क्रीनभर पिवळं. शर्टाच्या टोकानं त्यानं कॅमेऱ्याच्या काचेपुरतं पुसलं. बाकीचं राहू दिलं.