दोनकप्पीने विचारलेला प्रश्न

मित्रांनो, संगणकाच्या पडद्यावर फायलींनी भरलेले छोटे पिवळे फोल्डर तुम्ही पाहिलेच असतील. कोणती फाइल कुठे आहे ते दाखवायचं, ती उचलून दुसरीकडे ठेवायची, नको असेल तर काढून टाकायची, हे काम करणारा मी एक जुना फाइल मॅनेजर. मला डावा आणि उजवा असे दोन कप्पे आहेत, म्हणून सगळे मला लाडाने दोनकप्पी म्हणत. 'म्हणत' असं लिहावं लागतं, एवढंच काय ते दुःख.

मला घडवणारा माणूस प्रोग्रॅम लिहिण्यात हुशार, पण स्वतःचा चष्मा शोधायलाही त्याला बायको लागे. एकदा घाईघाईत त्याने लग्नाचे सगळे फोटो आपल्याच हाताने पुसून टाकले. मग कित्येक दिवस बायको त्याच्याशी 'हं' आणि 'असेल' यापलीकडे बोलली नाही. त्यानंतर त्याने मला एक सवय लावली. काहीही पुसण्याआधी मी थांबायचं आणि विचारायचं, "खरंच काढून टाकायचं?"

पुढे मी ताईंकडे आलो. ताई एका कचेरीत प्रोग्रॅम लिहीत. डाव्या कप्प्यात त्यांचं काम, उजव्या कप्प्यात घर. फोल्डरला नावं कशी, तर 'शेवटचं', 'शेवटचं नक्की', 'आता खरंच शेवटचं'. मी कधी हसलो नाही. माउसला तर त्या हातही लावत नसत. टॅबची कळ दाबली की या कप्प्यातून त्या कप्प्यात, बोटांना वाट पाठ.

एकदा दवाखान्यातून ताईंच्या आईंचा फोन आला. "अगं, डॉक्टर जुना रिपोर्ट मागताहेत, आणि मी घरीच विसरले!"

"तू बस गं शांत," ताई म्हणाल्या. मान आणि खांदा यांच्यात फोन धरून, माझ्याकडे न बघता त्यांनी उजव्या कप्प्यातून त्या रिपोर्टची प्रत काढली आणि पाठवलीही. मग पडद्यावर हलकेच टिचकी मारली. "शहाणा आहेस हो दोनकप्पी!" ती टिचकी मला अजून आठवते.

पण दिवस सारखे राहत नाहीत. कचेरीत ठरलं की सगळ्यांनी एकच फाइल मॅनेजर वापरायचा, म्हणजे कुणीही कुणाच्या जागेवर बसून काम करू शकेल. निवड ताईंवर सोपवली. ताईंच्या शेजारी एक तरुण बसे. 'मिनिटभराचं काम आहे' म्हणून तो तासभर बसवी, म्हणून त्याचं नावच मिनिटभर पडलं होतं. तो म्हणाला, "ताई, तुमचा म्हातारा पण उतरवा की शर्यतीत!"

"उतरवते. तू त्याला हसू नकोस."

नवे उमेदवार देखणे होते. एक बदललेल्या फायली रंगाने दाखवी, एकाच्या पोटातच आज्ञा लिहायची पट्टी. ताईंनी परीक्षा घेतली: हजारो बारीकसारीक फायलींचा अगडबंब फोल्डर इकडून तिकडे न्यायचा. नवे भराभर पार झाले. मला धाप लागली. ताई चहा पिऊन आल्या, तरी मी मोजतच होतो.

"चालू आहे का बंद पडला?" मिनिटभर म्हणाला.

ताईंनी रंग दाखवणारा निवडला. निवड योग्यच होती, खोटं कशाला बोलू?

मग मला काढायचा दिवस आला. मिनिटभर म्हणाला, "जुनं ठेवून काय करायचं? मिनिटभराचं तर काम." आणि गंमत बघा, मला पुसायला ताईंनी सवयीने मलाच उघडलं! माझा फोल्डर निवडला आणि पुसायची कळ दाबली.

काय करणार? मी माझं काम केलं. पडद्यावर अक्षरं उमटवली: "दोनकप्पी. खरंच काढून टाकायचं?"

मिनिटभर खो खो हसला. ताईंचं बोट मात्र कळेवर अधांतरी राहिलं. इतकी वर्षं हा प्रश्न त्यांनी न वाचताच उडवून लावला होता.

"बिचारा," त्या पुटपुटल्या. "स्वतःबद्दलसुद्धा विचारतोय." आणि त्यांनी 'नाही' दाबलं.

तेव्हापासून मी उजवीकडच्या 'अडगळ' फोल्डरमध्ये आहे. मला कुणी उघडत नाही. मित्रांनो, नवं जरूर निवडा, आमच्यासारख्यांना धाप लागते हे मला कबूल आहे. फक्त जुन्याला काढताना बोट क्षणभर थांबू द्या, आणि समोर आलेला प्रश्न वाचा.

जाता जाता एक सांगतो. त्या नव्या मॅनेजरला एकच कप्पा होता. ताईंनी खटपट करून त्याला दुसरा उघडायला लावला आणि टॅबची कळ शिकवली. रोज सकाळी ती कळ वाजते. हाक त्याला असते, हे मला कळतं. तरी दर वेळी 'आलो' म्हणायला मी तोंड उघडतोच.