अस्वल सेंटर फॉरवर्ड

माझे सासरे तरुणपणी हॉकी खेळायचे, आणि तेव्हापासून कोणीतरी त्याबद्दल विचारेल म्हणून वाट बघत होते. शेवटी विचारलं ते त्यांच्या धाकट्या भावाने. हे धाकटे चित्रकार. मैदानावर कधी गेलेच असतील तर सावली बघून बसायला. त्यांना मुलांसाठी हॉकीची अक्षरओळख काढायची होती. अ अडवण्याचा, ग गोलचा, ड ड्रिबलचा.

"दादा, तू नुसता उभा राहा. काढतो मी."

नात शाळेत गेली की सासरे कठड्याला धरत धरत गच्चीवर जायचे आणि सुजलेल्या गुडघ्याने 'ड'साठी वाकून राहायचे. सासूबाई खालून ओरडायच्या, "पडलेली पिशवी उचलायला कंबर धरते, अक्षरांसाठी बरी वाकते!"

सासरे ऐकून घेत. त्यांचा हिशेब साधा होता. खेळातले फोटो गळक्या माळ्यावर भिजून गेले होते आणि तोंडी सांगितलेलं पहिलीतल्या नातीला पटत नव्हतं. "तुम्हाला तर जिनासुद्धा चढवत नाही," म्हणायची. आता पानोपानी आजोबा दिसले की बोलतीच बंद.

पुस्तक घेऊन धाकटे स्वतः आले. नातीने उघडलं. अडवायला अस्वल उभं होतं. गोल मारला, तोही अस्वलानेच.

"प्रकाशक म्हणाला, माणसं खपत नाहीत," धाकटे चहात बघत म्हणाले. "पण दादा, अंग तुझंच ठेवलंय हं."

"उपकार झाले," सासूबाई म्हणाल्या. "पोट तरी कमी करायचं!"

मागच्या कव्हरवर मात्र माणूस खपला होता. सासऱ्यांची स्टिक खांद्यावर टाकून खुद्द धाकटे हसत होते.

"छोटे आजोबा हॉकी खेळायचे!" नात नाचायला लागली.

"अगं, खेळायचे ते हे..." सासूबाई सुरू झाल्या, पण सासऱ्यांनी हाताने थांबवलं. भावाने सांगावं, एवढंच त्यांना हवं होतं. ते त्याच्याकडे बघत राहिले.

"परवा शाळेत छोट्यांची टीम निवडणार आहेत," नात म्हणाली. "मला शिकवाल?"

"शिकवीन की!" धाकटे म्हणाले.

ती कोपऱ्यातली स्टिक घेऊन आली. धाकट्यांनी ती उलट्या हातांनी धरली, उजवा वर, डावा खाली. इतकी चित्रं काढली, पण नजर बहुधा कागदावरच असावी. नातीनेही तशीच धरली.

सासऱ्यांचे हात मांडीवरून उठले. डावा वर, उजवा खाली. मग त्यांनी ते पुन्हा मांडीवर ठेवले.

"आजोबा, बरोबर धरलीय ना?"

"अगदी," सासरे म्हणाले. "छोट्या आजोबांसारखीच."