सात एक्के आणि रोशनी

मी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. सात एक्के खांद्याला खांदा लावून उभे राहिले की मी होते. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा... कितीजण येऊन गेले, एकाचाही भाग मला पुरा गेला नाही. लोक मला बिनतोड समजत. मलाही त्याचा गर्व होता.

आज तलासरीच्या गणित स्पर्धेत मी शेवटचा प्रश्न होते. 'ही मूळ संख्या आहे का? नसल्यास अवयव लिहा.' सगळ्यांनी 'मूळ' लिहिलं. एकटीनं लिहिलं, '२३९ × ४६४९'. ती उधवा या खेड्यातली रोशनी, नववीतली. घरी भात-नागलीची शेती. पहिली आली तर डहाणूच्या शिबिरात जागा मिळणार होती.

परीक्षक मनिष सरांनी तिला पुढं बोलावलं. "पायऱ्या कुठायत? सगळ्यांहून वेगळं उत्तर, एवढे मोठे आकडे, कुणी सांगितले?"

"कोणी नाय, सर. कच्च्या कागदावर केलं. तो जोडायचा माहीत नव्हतं, फेकला."

"कॉपी केली असेल तर आत्ताच सांग. नाव बाद करतो, विषय संपला."

रोशनीचा चेहरा उतरला. तिच्या शाळेच्या चंद्रिकाबाई उठल्या. "सर, तिला फळ्यावर करू द्या."

"पाच मिनिटं."

रोशनीनं घामेजली बोटं ओढणीला पुसली आणि मला फळ्यावर लिहिलं. माझे एक्के वाकडे आले.

"सर, पाच एक्क्यांचे अवयव एक्केचाळीस नि दोनशे एक्काहत्तर. दोघांना पाचनं भागलं तर एक उरतो. मंग सात एक्क्यांना फोडणारेही सातनं भागल्यावर एक उरणारेच असतील, असं वाटलं."

"वाटलं? हा काय पुरावा आहे?"

"पुरावा नाय, सर. पण शोधायचं कुठं ते कळलं."

थेट उत्तर मांडलं तर पाठ केलंय म्हणतील, म्हणून तिनं पहिल्यापासून सुरू केलं. एकोणतीस. बाकी पाच. त्रेचाळीस, एक्काहत्तर, एकशे तेरा. जमेना. मी तग धरून होते. एकशे सत्तावीस, एकशे सत्त्याण्णव, दोनशे अकरा. तरी बाकी उरतच होती. सरांनी घड्याळ पाहिलं. "एक मिनिट."

दोनशे एकोणचाळीस. चार गेले, सहा गेले, पुन्हा चार. खाली दोन हजार एकशे एकावन्न उरले. मला फुटायचं नव्हतं. पण त्या पोरीच्या कपाळावरचा घाम पाहिला, आणि जन्मात पहिल्यांदा वाटलं, फुटावं.

"दोनशे एकोणचाळीस नवे..." ती पुटपुटली. "बाकी शून्य."

मनिष सरांनी स्वतः गुणाकार करून पाहिला. दोनदा. मग हळूच म्हणाले, "माझ्या उत्तरसूचीतसुद्धा 'मूळ'च लिहिलंय. चुकलंय ते. आणि तुला बोललो, तेही." त्यांनी तिच्या नावापुढं पूर्ण गुण मांडले.

सोमवारी रोशनी डहाणूला जाईल. फळा पुसतील, मीही जाईन. माझी ऐट गेली, त्याचं दुःख नाही. एवढंच सांगते: उधव्याच्या पोरीचं उत्तर बरोबर आलं, तर 'कुणाचं बघितलंस?' विचारू नका. 'कसं काढलंस?' विचारा.