घड्याळाच्या पेटीतली गाणी

खटपट्या आला की दारात चपला काढायचा, पाठीवरची बॅग खाली टेकवायचा आणि थेट पेटीकडे जायचा. पलंगावर पडलेल्या बापाकडे नजर टाकायची आठवण त्याला सगळ्यात शेवटी व्हायची. नेमकं तेच ताईच्या डोक्यात जायचं.

"परत प्लग उपटलास ना?" हा त्याचा नमस्कार.

"नाही उपटला." हा तिचा आशीर्वाद.

"मग कार्ड काय आपोआप खराब झालं?"

"तुझ्या हातची वस्तू आहे. तिलाच विचार."

एका आईच्या पोटची ही दोन माणसं. एकमेकांशी बरं बोललेली शेवटची कधी, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

पेटीची हकिकत अशी. अण्णांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरले ते कान, डावा हात आणि भुवया. भुवयांवर ते अजूनही घर चालवत. दिवा नको असला की एक भुवई, ताई नको असली की दोन. ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, आणि उरलेल्या वेळात बापाचं अंग पुसणं, कूस बदलणं, घास भरवणं. धाकटा लिफ्टच्या कंपनीत होता आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायचा. लहानपणी हाताला लागेल ते उघडून बसायचा म्हणून अण्णांनीच त्याला खटपट्या नाव ठेवलं होतं. ते त्याला इतकं चिकटलं की त्याची बायकोही तेच म्हणायची.

अण्णांना गाण्याचं वेड. म्हणून खटपट्याने त्यांच्यासाठी गाण्यांचं यंत्र बनवलं. पत्त्याच्या जोडाएवढा एका पाटीवरचा कॉम्प्युटर, त्याच्या डोक्यावर आकड्यांचा आवाज करणारी दुसरी पाटी, तिला तो डॅक म्हणायचा. हे सगळं त्याने अण्णांच्या दुकानातल्या एका जुन्या टेबल-घड्याळाच्या लाकडी पेटीत बसवलं, आतला जीव गरम होऊ नये म्हणून मागची बाजू उघडी ठेवली आणि पुढे एक मोठं बटण लावलं. गाणी इंटरनेटवरून यायची. यंत्राची सगळी अक्कल मात्र नखाएवढ्या एका कार्डात होती. डाव्या हाताने बटण दाबलं की गाणं सुरू, परत दाबलं की बंद. पेटी पलंगाच्या डाव्या अंगाला फळीवर, हाताच्या टप्प्यात.

पहिल्या दिवशी अण्णांनी बटण दाबलं, खोली गाण्याने भरली आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. ताईने त्या दिवशी भावाला चक्क "छान केलंस" म्हटलं. इथे थांबला असता तर तो खटपट्या कसला!

आधी त्याला वीजपुरवठा पसंत पडेना. चार्जरमुळे म्हणे आवाजात कचरा येतो. त्याने विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर आणून लावला. मग आतला प्रोग्रॅम बदलला. मग आणखी एक पाटी आणली. एकीने फक्त गाणी आणायची आणि दुसरीने फक्त वाजवायची, म्हणजे आवाज धुतल्यासारखा स्वच्छ. दर बदलानंतर तो गाण्याचा एक तुकडा वाजवायचा, मध्येच तोडायचा, काहीतरी फिरवायचा आणि तोच तुकडा परत वाजवायचा.

"फरक कळला?"

"नाही."

"तुला नाहीच कळायचा."

"मग विचारतोस कशाला? एक गाणं धड शेवटपर्यंत वाजू दे की त्यांना!"

त्यावर तो नाक मुरडून पुन्हा आत डोकं घालायचा.

पहिल्यांदा पेटी बंद पडली ती ताईमुळे, हे खरं. इस्त्री लावायला तिने पेटीचा प्लग काढला होता. खटपट्याने त्या दिवशी मनसोक्त तोंडसुख घेतलं. पेटी आधी फोनवरून बंद करायची, दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि मगच प्लग. चालू असताना वीज तोडली किंवा कार्ड ओढलं की त्यावरचं लिखाण विस्कटतं, मग ते सगळं नव्याने भरावं लागतं. ताईने कान पकडले. पुढे तिने त्या प्लगकडे वाकडी नजरही टाकली नाही. खटपट्याने वर त्याला चिकटपट्टीही गुंडाळून ठेवली, जणू घरात दुष्ट मांजर पाळलंय.

तरीही पेटी बंद पडतच राहिली. बटण दाबावं तर काही नाही, आत नुसता लाल दिवा. ताई पलंगाशेजारी उभी राहून फोन लावायची, फोन स्पीकरवर टाकायची आणि खटपट्या तिकडून उंटावरून शेळ्या हाकायचा. ही वायर बघ, तो दिवा बघ. शेवटी "तू उपटलास प्लग, दुसरं काही नाही," असं खापर फोडून रविवारी हजर व्हायचा. तिलाही त्याचाच संशय होता. तो घरबसल्या फोनवरून पेटीत शिरू शकायचा, हे तिला ठाऊक होतं.

"तूच काहीतरी फिरवतोस तिकडून आणि निस्तरायला मी इथे!"

"मला वेळ आहे का तेवढा?"

"अण्णांसाठी नाही, ते माहीत आहे. पेटीसाठी आहे!"

हे बोलणं खोटं नव्हतं. "अण्णांना बघून जा रे," असं तिने फोनवर सांगितलं की त्याला हटकून काम निघायचं. "पेटी बंद पडली," म्हटलं की त्याच रविवारी दारात चपला. पलंगाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो, मध्ये अण्णा, आणि त्यांच्या अंगावरून ही दोघं एकमेकांचं उणंदुणं काढायची. कोण राबतं, कोण पळतं, आईच्या आजारपणात कोण कुठे होतं. अण्णा छताकडे बघत पडलेले असायचे.

मग एका रविवारी खटपट्याने या भांडणावर कायमचा इलाज काढला. कार्डाच्या दोन नकला करून त्याने ताईच्या हातावर ठेवल्या.

"हे स्पेअर. बंद पडली की जुनं काढ, हे आत सरकव, पेटी चालू कर. शेंबड्या पोरालाही जमेल. आता मला बोलवायचं कारणच उरलं नाही."

"देव पावला," ताई म्हणाली. "तुझं तोंड तरी बघायला नको."

"तुझं तरी कुठे बघायची हौस आहे मला!"

दोघंही जन्मात पहिल्यांदा एका गोष्टीवर खूश झाली. अण्णांनी त्या संध्याकाळी घास घेतला नाही. दोन्ही भुवया वर. ताईला वाटलं, पोट बिघडलं असेल.

दुसऱ्याच दिवशी पेटी बंद. ताईने स्पेअर कार्ड घातलं, बटण दाबलं आणि गाणं सुरू झालं. स्वतःची पाठ थोपटून ती अण्णांकडे वळली, तर त्यांनी मान भिंतीकडे फिरवलेली. आवडतं गाणं चालू होतं आणि हे भिंतीकडे बघत होते. तिला काही कळेना.

त्यानंतर एका दुपारी दुकानातलं काचा घासायचं मशीन बिघडलं आणि मालकाने सगळ्यांना घरी पाठवलं. अण्णा झोपले असतील म्हणून ताईने कुलूप आवाज न करता उघडलं. आत गाणं चालू होतं. ती खोलीच्या दाराशी आली आणि जागच्या जागी थांबली.

अण्णांचा डावा हात पेटीच्या मागे होता. डोळे मिटलेले, कपाळाला आठी. हा चेहरा तिने लहानपणी त्यांच्या घड्याळांच्या दुकानात पाहिला होता, बारीक स्क्रू बोटांनीच चाचपून काढताना त्यांचा असाच व्हायचा. नखाने त्यांनी कार्ड ओढलं. गाणं ओळीच्या मध्यातच तुटलं. अण्णा थोडे थांबले, कार्ड पुन्हा जागच्या जागी सरकवलं, हात पांघरुणाखाली घेतला आणि पांघरूण वरून नीटही केलं. ताकास तूर लागू न देणारा असा चोर तिने जन्मात पाहिला नव्हता.

"अण्णा!"

त्यांनी डोळे उघडले. भुवया हलल्या नाहीत.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस भावाच्या शिव्या खाल्ल्या, त्याच्यावर नसते आळ घेतले, आणि करणारा हा इथे पांघरुणात!

"तुम्ही? तुम्ही करत होता हे? आणि बोलणी मी खात होते! कशासाठी? तो यावा म्हणून?"

अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला त्याचाही राग आला.

"मी रोज इथे असते! तुमची कूस मी बदलते, तोंड मी पुसते. मी आले म्हणून कधी तुमच्या डोळ्यांत पाणी नाही आलं. आणि तो? तो तुमच्याकडे ढुंकून बघत नाही, अण्णा! पेटीत डोकं घालून बसतो. तरी तुम्हाला तोच हवा. गाणं मोडून हवा!"

ती भडाभडा बोलली आणि मग पलंगाच्या कडेला बसली. कधी बसत नसे तिथे, बसायला वेळ कुठे होता. तिथून समोर खटपट्याचं स्टूल दिसत होतं. वर अण्णांचाच दुकानातला दिवा, फळीवर अण्णांचाच चिमटा. पोर बापाकडे बघत नसेल, पण बाप तासन् तास पोराच्या हातांकडे बघत असायचा, आणि ते हात अण्णांसारखेच चालायचे. गेल्या खेपेला खटपट्या न बघता फळीवर चिमटा चाचपत होता, तेव्हा डाव्या हाताने तो त्याच्या बोटांत कुणी दिला होता? ताईने पाहिलं होतं. पण भांडायच्या नादात ते तिच्या मनात उतरलं नव्हतं.

राग काही गेला नाही. उलट आता दोघांचाही आला.

अण्णांनी डावा हात तिच्याकडे सरकवला. तिने तो धरला नाही. पर्समधून दुसरं स्पेअर कार्ड काढलं. हे आत घातलं की संध्याकाळी गाणं, उद्या गाणं, आणि भिंतीकडे फिरवलेली मान. ते कार्ड तिने परत पर्समध्ये ठेवलं. मग तिने फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"काय?" खटपट्या म्हणाला.

"पेटी बंद पडली."

"स्पेअर घाल."

"घातलं. तेही गेलं."

"दुसरं?"

"हरवलं."

"हरवलं? आणि पहिलं गेलंच कसं? परत प्लग उपटलास?"

ताईने अण्णांकडे पाहिलं. ते श्वास रोखून पडले होते.

"हो," ती म्हणाली. "उपटला."

त्या इस्त्रीच्या दिवसानंतर तिने कबूल असं कधी केलंच नव्हतं.

"चिकटपट्टी लावली होती मी!"

"सोलून काढली."

"पण का?"

"माझी मर्जी. तोंड काय फोनवर चालवतोस, इथे येऊन चालव."

"येतो रविवारी. बघतोच तुला!"

"ये. बघ."

रविवारी तो तणतणत आला. "बेपर्वा", "अडाणी", "मुद्दाम करतेस" असा सगळा पाढा त्याने वाचला. ताई स्वयंपाकघरातून सव्याज परतफेड करत होती. नवं कार्ड भरताना इंटरनेट सतत तुटत होतं, कारण ती अधूनमधून इंटरनेटचा डबा हळूच बंद करून चालू करत होती. त्यामुळे त्याला जेवायला थांबावं लागलं, जेवणानंतरही बसावं लागलं. दिव्याखाली त्याचे हात चालू होते आणि अण्णा डोळ्यांची पापणी लववत नव्हते. एकदा त्याने स्क्रू-ड्रायव्हरसाठी हात मागे केला, तो त्याला मिळाला. वळून बघावं असं काही त्याला वाटलं नाही. ताईच्या मनात आलं, याच्या थोबाडीत द्यावी. तिने चहाचा कप आदळला तेवढ्यावर भागवलं.

ऊन उतरल्यावर पेटी वाजू लागली. खटपट्याने बॅग भरली आणि दारात उभा राहून बोट नाचवलं.

"शेवटचं सांगतो ताई, परत त्या प्लगला हात लावणार नाहीस. शब्द दे."

ताईने आत पाहिलं. अण्णांच्या दोन्ही भुवया वर गेल्या होत्या, साफ नको म्हणून.

"नाही देत," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

तिचं दुसरं कार्ड पर्समध्येच होतं, चष्म्याच्या डबीत, मऊ फडक्याखाली. ते तिने तिथेच राहू दिलं.