डावा आरसा

बाबा गेल्यानंतर तीन महिने त्यांच्या मोटरसायकलचा डावा आरसा मी कुणाला हलवू दिला नव्हता.

गाडी घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. लांबच्या प्रवासाची गाडी. मागे दोन्ही बाजूंना पेट्या, पुढे उंच काच, टाकीवर नकाशा ठेवायचा पारदर्शक खिसा. दुपारी झरोक्यातून उन्हाची पट्टी आत यायची आणि सीटवरून इतकी सावकाश सरकायची, की ती हलते आहे हे फक्त नजर काढून पुन्हा बघितल्यावर कळायचं. त्या वेळी मी जाऊन गाडीवर बसायचे. उजवा आरसा गाडी आत ढकलताना दाराला घासून फिरला होता. डावा मात्र बाबांनी ठेवला तसाच होता. त्यात झरोक्याचा खालचा गज दिसायचा आणि अगदी कडेला रंगाच्या डब्याचं झाकण. मला वाटायचं, माणसाचे कपडे राहतात, चष्मा राहतो, पण तो कुठे बघत होता हे काही मागे राहत नाही. इथे ते राहिलं होतं.

बाबा माझ्याहून उंच. म्हणून मी सीटवर शब्दकोशाचे दोन खंड ठेवून त्यावर बसायचे. उशी दबते, शब्दकोश दबत नाही. आईने एकदा दारातून पाहिलं.

"उंची वाढली," ती म्हणाली. "अक्कल तेवढीच."

कधी तिथेच डोळा लागायचा. मग आरशातल्या गजामागून रस्ता सुरू व्हायचा. पूल, पिवळं गवत, बंद पडलेला पेट्रोल पंप, एकामागून एक वळणं. बाबा जिथे जिथे जाऊन आले ते सगळं मागे मागे जात असायचं आणि तरी लहान होत नसायचं. माझ्यासमोर बाबांची पाठ असायची. ती कधी वळली नाही. वळावी असं मलाही वाटलं नाही.

मंगळवारी शेडची फरशी पुसायची म्हणून मी गाडी हातभर सरकवली. साइड स्टँड पूर्ण पुढे गेला नव्हता. गाडी क्षणभर विचार केल्यासारखी थांबली आणि मग डावीकडे कलली. मी गुडघा लावून अडवलं, पण ती हळूच भिंतीला टेकली. फार आवाजही झाला नाही. आरशाची दांडी ज्यात बसते तो क्लचच्या मुठीजवळचा क्लॅम्प तेवढा तुटला आणि आरसा माझ्या हातात आला. काच शाबूत होती. तिच्यात माझा कान दिसत होता.

मी घाईराव काकांना बोलावलं. ते बाबांचे मेकॅनिक, पुढे मित्र झालेले. नाव बाबांनीच ठेवलेलं, कारण एक प्लग बदलायला ते अख्खी सकाळ घ्यायचे. मंगळवारी निरोप दिला. ते शुक्रवारी आले.

"काका, आरसा होता तसाच बसायला हवा," मी म्हणाले. "बाबांनी ठेवला होता अगदी तसा. केसभरही फरक नको."

"केसभर?" त्यांनी स्वतःच्या टकलावरून हात फिरवला. "तेवढं माप माझ्याकडे नाही, पोरी."

मी त्यांना खुणा सांगितल्या. दोन खंड, पाठ ताठ, झरोक्याचा खालचा गज, कडेला झाकण. ते ऐकत राहिले. दारात आई चहाचे कप घेऊन उभी होती.

"भाऊजी, हो म्हणा आणि कामाला लागा," ती म्हणाली. "तीन दिवस घरात धड बोलली नाहीये. आमच्या ह्यांची नजर मोडली म्हणे."

काकांनी तुटलेला तुकडा उचलला आणि उजेडात नेला. एका बाजूने बघितला, दुसऱ्या बाजूने बघितला. चहा निवला.

"हे कधी तुटलं म्हणालीस?"

"मंगळवारी. माझ्या हातून."

"अर्धं," ते म्हणाले.

त्यांनी तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. तुटलेल्या तोंडाचा एक भाग साखरेसारखा दाणेदार, चकचकीत होता. उरलेला काळा आणि तेलकट.

"चकचकीत आहे ते तुझं. काळं आहे ते जुनं. आत मळ जाऊन बसलाय बघ. दीड-दोन वर्षं तरी तडा होता." मग त्यांनी दांडीच्या आट्यांमधून चिमट्याने काहीतरी ओढलं. रबराची चिंचोळी पट्टी निघाली. "आणि ही कारागिरी माझी नव्हे. सायकलची ट्यूब कापून गुंडाळलीय, आरसा लटलट करू नये म्हणून. मला सांगायला काय झालं होतं? तासाभरात बदलून दिला असता."

"तासाभरात?" आई म्हणाली.

तिघंही हसलो. माझं हसू आधी थांबलं.

"म्हणजे आरसा हलत होता?"

"हलायचा की," आईच म्हणाली. "मागे बसून मला दुसरं काय दिसायचं? दर खड्ड्यानंतर ह्यांचा डावा हात उठायचा, बोट आरशाला टेकायचं, हात परत मुठीवर. एकदा विचारलं तर म्हणाले, रस्ता बदलला की आरसा बदलावा लागतो. थापा नुसत्या."

"पण इथे तर तो तीन महिने तसाच होता," मी म्हणाले.

काका माझ्याकडे न बघता रबराची पट्टी बोटाला गुंडाळत राहिले. "गाडी आत ढकलली तेव्हा उंबरठ्यावर दणका बसला असेल. मग आपल्या वजनाने उतरत उतरत जिथे थांबला तिथे थांबला."

म्हणजे झरोक्याचा तो गज बाबांनी कधी बघितलाच नव्हता. मी इतके दिवस एका सैल दांडीच्या नजरेतून बघत होते. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. झोपेत जिना संपला हे पायाला आधी कळावं, तसं काहीतरी झालं.

काकांनी जुन्या क्लॅम्पचे दोन बोल्ट काढले, क्लचची वायर सोडवली, लिव्हर सोबत आणलेल्या नव्या क्लॅम्पमध्ये बसवला. त्यांच्या मानाने हे फार लवकर झालं. उन्हाची पट्टी तोवर सीटवरून उतरून जमिनीवर आली होती.

"आता आरसा," ते म्हणाले. "शेडमध्ये बसून तो लावत नसतात. मागे रस्ता लागतो."

आम्ही तिघांनी गाडी बाहेर काढली आणि रस्त्याच्या उजव्या कडेला उभी केली. मी वर बसले. पायाचे चवडे तेवढे टेकत होते. आईने मागून पेटी धरून ठेवली.

"नट आवळला की दांडी त्याच्याबरोबर जराशी फिरते," काका म्हणाले. "म्हणून आरसा हवाय त्याच्या थोडा अलीकडे धर. बाकीचं नट करेल." त्यांनी पाना लावला आणि थांबले. "कुणासाठी लावू?"

त्यांनी घाई केली नाही. त्यांना ती येतच नव्हती.

"माझ्यासाठी," मी म्हणाले.

मी आरसा वर उचलला. आधी माझा खांदा दिसला, मग आईची बोटं, मग रस्ता. शांत, लांबलचक, दोन्ही बाजूंच्या भिंतींमध्ये ऊन साचलेला. दूरवर एक सायकलवाला येत होता.

"दिसतोय पूर्ण?"

"डोकं कापलं जातंय."

"मग अजून थोडा. बस. धर."

नट आवळला गेला. दांडी हातात किंचित वळली आणि घट्ट झाली. सायकलवाला मोठा होत होत आला, आरशाच्या कडेला पोचला आणि नाहीसा झाला. थोडा वेळ तो कुठेच नव्हता. मग माझ्या डाव्या हाताला घंटी वाजली आणि तो पुढे निघून गेला.