बाराच्या घंटेला उभा राहणारा एल्रॉय

२००३ साली चर्चच्या धर्मग्रामाचा 'आदर्श युवक' पुरस्कार एल्रॉयला मिळाला. तसं काही झालेलंच नाही असं धरून पुढे वाचावं. एल्रॉयही तसंच धरून चालतो.

तर चर्चची बाराची घंटा वाजली आणि केळींना पाणी लावत असलेला एल्रॉय फावडं टाकून ताठ उभा राहिला. तोंड दक्षिणेला, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. कुंपणापलीकडून रिटा आंटीने हे सलग चौथ्या दिवशी पाहिलं.

"उर्सुला, तुझ्या पोराला बरं नाही काय गं?"

"का? काय झालं?"

"एंजलसला उभा राहतो."

एल्रॉयच्या आईने हातातली कोळंबी ताटात ठेवली. बाराच्या घंटेला थांबून एंजलसची प्रार्थना म्हणणारी गावात आता तीनच माणसं उरली होती, आणि त्यातल्या सर्वांत तरुण बाईला मोतीबिंदू झाला होता. चोवीस वर्षांचा पोरगा उगाच उभा राहत नाही. एकतर हा फादर व्हायला निघालाय, नाहीतर कुठल्यातरी मुलीचं लफडं आहे. दोन्हींत पाहुणे बोलवावे लागणार होते.

वस्तुस्थिती अशी होती की एल्रॉयने गुपचूप वाट बदलली होती, तीही दुसऱ्यांदा. आधीची दोन वर्षं तो विक्का नावाचा चेटूकपंथ पाळत होता. म्हणजे त्याची कॉलेजातली मैत्रीण अँजेलिना पाळत होती. पौर्णिमेला ती विहिरीजवळ मिठाचं रिंगण घालून चंद्रदेवीला हाका मारायची, आणि एल्रॉय मिठाची ताटली धरायचा. दोन वर्षांत त्याला ताटलीपलीकडे बढती मिळाली नाही. मग माणिकपूरच्या सायबर कॅफेत त्याला थेलेमा नावाचा दुसरा पंथ सापडला. तिथे मुख्य काम एकच: आपली खरी इच्छा कोणती ते शोधायचं आणि तिच्याप्रमाणे वागायचं. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणीही न सांगता काहीतरी करणार होता. त्यासाठी रोज चार वेळा सूर्याला वंदन करावं, असं सांगितलं होतं. सकाळी पूर्वेला, दुपारी दक्षिणेला, संध्याकाळी पश्चिमेला, मध्यरात्री उत्तरेला. आणि प्रत्येक वेळेची वहीत नोंद. मध्यरात्रीचं वंदन तो अंथरुणातच उरकायचा, कारण आई त्याच खोलीत झोपायची.

चर्च घराच्या दक्षिणेला होतं. याला थेलेमाकडे इलाज नव्हता.

संध्याकाळी एल्रॉय पश्चिमेला तोंड करून उभा होता, तेव्हा उर्सुला मागच्या दाराशी आली.

"चर्च तिकडे आहे."

"माहितेय, मम्मी."

"मग तोंड इकडे का?"

"वारा येतो समुद्राचा."

"हं," उर्सुला म्हणाली. त्या 'हं'मध्ये अख्खी पोलीसचौकी होती.

शनिवारी अँजेलिना स्कूटीवरून आली. ती नालासोपाऱ्यातल्या एका क्लासमध्ये भूगोल शिकवायची आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याकडे बघत राहायची.

"फादर मिस्सात तुझं नाव घेतात म्हणे. परत गेलास ना चर्चमध्ये?"

"नाही गं. हे वेगळं आहे. ही माझी स्वतःची इच्छा आहे."

"आणि ती बरोब्बर बाराला होते?"

"बाराला सूर्य डोक्यावर येतो."

"वसईत साडेबाराच्या आसपास येतो. सातवीची पोरं सांगतील तुला." तिने अंगणातली खुर्ची ओढली. "घंटेशिवाय उभा राहून दाखव. मग मानेन."

एल्रॉयने मान डोलावली. ताटली धरण्यापेक्षा यात काहीतरी अधिक आहे, एवढंच त्याला सिद्ध करायचं होतं. तिच्यापुढे, आणि खरं म्हणजे स्वतःपुढे. उर्सुलाही भाजीची टोपली घेऊन उंबऱ्यावर बसली. भाजी कालच निवडून झाली होती.

नेमका त्या दिवशी घंटा वाजवणारा फेबियन दाढ काढायला विरारला गेला होता. बारा वाजले. घंटा झाली नाही. एल्रॉय तेव्हा खरी इच्छा कशी आतून उठते, तिला बाहेरून कुणी ढकलावं लागत नाही, हे अँजेलिनाला समजावत होता. समजावता समजावता बारा दहा झाले. अँजेलिनाने घड्याळ पाहिलं आणि त्याला बोलू दिलं. शिक्षकांना ती सवय असते.

बारा वाजून वीस मिनिटांनी फेबियन परत आला असावा. घंटा वाजली.

एल्रॉय वाक्याच्या मध्येच उभा राहिला. उजवा हात कपाळाला लागून छातीकडे निघाला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की थेलेमात क्रूसाची खूण नाही. त्याने हात वाटेतच थांबवला आणि डोळे उघडले.

समोर अँजेलिनाही उभी होती. तिची मान खाली होती, मुठीत स्कूटीची किल्ली होती. घंटा संपेपर्यंत दोघं तशीच राहिली. मग ती पटकन खाली बसली आणि चपलेचा बंद बघू लागली. चपलेला बंद नव्हता.

उर्सुला बसूनच होती. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"म्हणजे फादर नाही होत हा," ती म्हणाली आणि टोपली उचलून आत गेली.

संध्याकाळी एल्रॉयने वही उघडली. '१२.२०, दक्षिण' एवढं लिहिलं. पुढे मनाची अवस्था लिहायची असते. तिथे तो बराच वेळ पेन टेकवून बसला. मग वही मिटून त्याने कोरा फुलस्केप घेतला.

प्रति,
माननीय प्रमुख धर्मगुरू यांस

विषय: दुपारच्या घंटेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती की, दुपारची घंटा पुढील तीन महिने वाजवण्यात येऊ नये, जेणेकरून अर्जदार स्वतःहून उभा राहतो की घंटेमुळे, याची खात्री करून घेता येईल. कु. अँजेलिना यांच्याबाबतही हाच अर्ज ग्राह्य धरावा.

आपला विश्वासू,
एल्रॉय